माडाच्या हिशेबाने चालणारे घर: एकोणिसाव्या शतकातील कोकणी बागायतीचा संसार

दरवर्षी हापूसची पहिली पेटी बाजारात आली की तिच्या भावाची बातमी होते. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर खरा हापूस कोणता, तो कुठला आणि त्यावर हक्क कोणाचा, ही चर्चा प्रत्येक मोसमात नव्याने रंगते. या चर्चेत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, पणजोबांच्या काळी आंबा कोणी विकत नसे, तो गावभर वाटला जाई. दुसरे असे की, एवढी मोठी बाग असूनही आज एकाही भावाचे पोट तिच्यावर भरत नाही, कारण सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे आहेत आणि एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची मिळत नाही. दोन्ही वाक्ये काही अंशी खरी आहेत. मात्र ती नीट समजायची असतील, तर शे-दीडशे वर्षांपूर्वी बागायतीवर जगणारे घर रोज काय करत होते, काय खात होते आणि कोणाच्या श्रमावर उभे होते, हे पाहावे लागते.

येथे विचार केला आहे तो प्रामुख्याने तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. आजच्या सिंधुदुर्गाचा मालवण, देवगड, वेंगुर्ले हा भाग त्या वेळी रत्नागिरीतच मोडत होता आणि सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा 1981 साली झाला.

‘बाग’ या शब्दाने आपली फसगत होते

आज बाग म्हटले की एकाच जातीची, ओळीत लावलेली, सारख्या उंचीची शेकडो कलमे डोळ्यांपुढे येतात. एकोणिसाव्या शतकातील बाग अशी नव्हती. किनाऱ्यालगतच्या रेताड, ओलाव्याच्या सपाट पट्ट्यात माड आणि पोफळी दाटीने लावलेल्या असत. या पट्ट्याला ‘आगर’ म्हणत. (उत्तर कोकणात मिठागरालाही आगर म्हणतात. येथे तो अर्थ नाही.) आगरातच मिरवेल, नागवेल, केळी, अननस आणि एखादे जायफळ असे. घराच्या पाठीमागे चढणीवर फणस, रातांबा (म्हणजे कोकम) आणि कोयीपासून आपोआप उगवलेला रायवळ आंबा असे. त्याच्याही वर डोंगरउतारावरची हलकी जमीन, म्हणजे ‘वरकस’. तेथे नाचणी आणि वरी पिकत असे. खाली खलाटीत, म्हणजे सखल जमिनीत, भात होते.

या सर्वांचे मिळून एक घर चालत असे. आगर, वरकस आणि भातजमीन यांपैकी एकीवर कुटुंब जगू शकत नव्हते, आणि त्यांतली एक सुटली तर बाकीच्या दोन्ही अडचणीत येत. गुरांना चारा वरकसातून मिळे, गुरांचे शेण माडाच्या आळ्यात जाई, माडाच्या झावळ्या भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या कामी येत आणि भाताचा पेंढा पुन्हा गुरांच्या पुढ्यात पडे.

पगार, ठेव आणि बोनस

इतकी निरनिराळी झाडे कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. ज्याला सर्वाधिक भाव, तेच झाड सगळीकडे का लावले नाही? याचे उत्तर प्रत्येक झाडाच्या स्वभावात आहे.

माडाला वर्षाला साधारण बारा नवी पाने येतात आणि जोपासलेल्या माडात जवळपास प्रत्येक पानाच्या बगलेत फुलोरा येतो. या फुलोऱ्याला ‘पोय’ म्हणतात. म्हणजे एकाच माडावर निरनिराळ्या वयाचे घड एकाच वेळी असतात आणि वर्षभर थोडे थोडे नारळ उतरत राहतात. आजच्या भाषेत माड हा पगार होता. पोफळीची सुपारी वर्षातून एकदा तयार होते, पण वाळवून ठेवली की टिकते आणि भाव येईपर्यंत थांबता येते, म्हणून ती ठेव होती. आंबा मात्र बोनससारखा. मोहोर आला, तुडतुडे पडले नाहीत, माघात आभाळ धरले नाही, तर भरपूर. नाहीतर काहीच नाही. शिवाय आंब्याचे झाड एक वर्ष भरभरून फळले की पुढच्या वर्षी बहुधा हात आखडते. ज्याच्या घरी पंधरा माणसे जेवायला आहेत, त्याने केवळ बोनसच्या भरवशावर संसार मांडणे शक्यच नव्हते.

आणखी एक मुद्दा वेळेचा आहे. बाणवली जातीचा माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी फळतो आणि पुढे साठ-सत्तर वर्षे सहज देत राहतो. कोयीपासून वाढवलेला आंबा फळायला आठ-दहा वर्षे घेतो आणि शंभरी ओलांडतो. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाने लावलेल्या झाडाचे बहुतेक उत्पन्न त्याच्या मुलांच्या आणि नातवांच्या वाट्याचे असते. भातशेतीचा हिशेब वर्षाचा असतो, बागेचा मात्र पिढ्यांचा. त्या घरांची रचना, लग्ने, वाटण्या आणि भांडणे या एका गोष्टीतून पुष्कळशी उलगडतात, असे मला वाटते.

दिवस पाण्याभोवती फिरत असे

कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, मग बागेला पाण्याची अडचण कसली, असे घाटावरच्या वाचकाला वाटू शकते. परंतु तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत तो थांबत नाही. दिवाळी झाली की माड-पोफळीला हाताने पाणी घालणे भाग असे, आणि हे काम मृगाचा पाऊस येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, न चुकता करावे लागे.

पाणी काढण्याची साधने दोन. एक रहाट, ज्याच्या चाकावरच्या माळेला मातीची गाडगी बांधलेली असत आणि जो बैल किंवा रेडा फिरवत असे. दुसरी लाट. विहिरीच्या काठावर एक उंच दुबेळक्याचा खांब, त्यावर तराजूच्या दांडीसारखे आडवे लाकूड, लाकडाच्या मागच्या टोकाला जड दगड आणि पुढच्या टोकाला बांबू व भांडे. माणूस बांबू खाली ओढून भांडे विहिरीत बुडवी, आणि हात सैल सोडला की मागचा दगड आपल्या वजनाने भरलेले भांडे वर आणी. माझ्या आजोळच्या विहिरीवर तो मागचा दगड अजून पडलेला आहे. त्याच्या मधोमध दोरखंडाने घासून पडलेली खाच आहे, तिच्यात बोट पहिल्या पेराइतके आत जाते. इतके घासायला किती वर्षे लागली असतील, याचा विचार लहानपणी कधी मनात आला नव्हता.

या श्रमाचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. मोठ्या माडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला सुमारे 40 लिटर पाणी लागते असे धरले आणि आगरात 100 माड आहेत असे समजले, तर रोज 4,000 लिटर पाणी झाले. लाटेच्या भांड्यात एका वेळी 20 लिटर मावतात असे मानले, तर 200 वेळा ते भांडे खाली-वर करावे लागे. पोफळी त्याखेरीज. वर आलेले पाणी दगडी दोणीत ओतले जाई, तेथून पोफळीच्या पोखरलेल्या खोडाच्या पन्हळीने किंवा मातीच्या पाटाने आळ्यांकडे वळवले जाई, आणि जेथे पाट पोहोचत नसे तेथे ते हाताने शिंपावे लागे. एकजण लाटेवर, दुसरा पाट फोडायला आणि बांधायला, तिसरा शिंपायला, अशी किमान तीन माणसे पहाटेपासून ऊन चढेपर्यंत गुंतलेली असत.

एक दिवस पाणी चुकले तर काय बिघडते? त्या दिवशी काहीच दिसत नाही. पोय उमलल्यापासून नारळ पक्का होण्यास साधारण बारा महिने लागतात, म्हणून यंदाच्या उन्हाळ्यातील हयगय पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी घड हलके पडल्यावर कळते. म्हणूनच घरात लग्न असो की सुतक, पाण्याची पाळी कोणाकडे तरी असेच. मोठ्या कुटुंबाची गरज येथून सुरू होते. दोन माणसांचे घर आजारपणात आगर सांभाळू शकत नव्हते.

बायकांचे काम ‘घरातले’ होते का?

जुन्या कागदपत्रांत बाग पुरुषाच्या नावावर दिसते, म्हणून बागेचे काम पुरुषांचे आणि घरचे बायकांचे, अशी समजूत होते. प्रत्यक्षात बागेतून आलेल्या वस्तूचे टिकणाऱ्या वस्तूत रूपांतर करणे हे अर्ध्याहून अधिक काम होते, आणि ते जवळपास संपूर्णपणे बायकांच्या हाती होते.

पहाटे घिरटावर भात भरडण्याने किंवा जात्यावर नाचणी दळण्याने दिवस सुरू होई. घिरट म्हणजे भाताची साल काढण्याचे जाते. नंतर उखळात मुसळाने सडणे. शेणगोठा, सडा, विहिरीचे पाणी आणि चूल ही तर रोजची कामे. न्याहारीला पेज किंवा मऊ भात, दुपारी भात आणि कुळथाचे पिठले किंवा आमटी, कष्टकऱ्यांच्या घरी नाचणीची भाकरी. भाताचा साठा पावसाळ्याअखेर तळाला जाई, तेव्हा खात्यापित्या घरांतही नाचणी-वरीवर वेळ निघे. घरात नारळ भरपूर असला तरी स्वयंपाकात तो मोजूनच वापरला जाई, कारण नारळ विकून मीठ, कापड आणि सरकारी सारा यांसाठी रोकड उभी करायची असे.

चैत्र-वैशाखात मात्र कामाचा डोंगर उभा राहत असे, आणि तोही वेळेच्या बंधनाने. रातांब्याचेच पाहू. पिकलेला लालबुंद रातांबा हाताने फोडायचा, आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, साली सुपात पसरून उन्हात घालायच्या. गराच्या रसात मीठ घालून वाळत आलेल्या साली त्यात बुडवायच्या आणि पुन्हा उन्हात घालायच्या. असे चार-पाच वेळा केले की सालींचा रंग काळपट जांभळा होतो आणि आमसूल वर्षभर टिकते. उरलेल्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येते. ते थंड झाल्यावर थिजते, त्याचे गोळे करून ठेवत आणि पावसात चिखलाने फुटलेल्या तळपायांच्या भेगांना लावत. या सगळ्यांत एखादा वळवाचा पाऊस आला की अंगणात धावपळ उडे, कारण अर्धवट वाळलेली साल भिजली तर तिला बुरशी येते. हाताची बोटे आठवडेच्या आठवडे आमसुलाच्या आंबटाने चिरलेली असत.

त्याच दिवसांत आंब्याची साठे घालायची, कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी करायची, फणसपोळ्या थापायच्या, आठळ्या मातीत घोळून पावसाळ्यासाठी ठेवायच्या. वाळलेल्या झावळ्यांचे हीर काढून केरसुण्या बांधायच्या आणि हिरव्या झावळ्यांचे झाप विणायचे, म्हणजे पावसाळ्यात पडवीला आडोसा होतो. पोफळीची गळून पडलेली विरी पत्रावळीसारखी वापरत आणि करवंटीचे डाव करत. मुलांनाही काम असे. पहाटे झुंजुमुंजू होताच रात्री पडलेले रायवळ आंबे वेचायचे, वानर हाकायचे, गुरे वळायची. संध्याकाळी उंडीच्या बियांच्या कडू तेलावर दिवा जळे. रॉकेल शतकाच्या अखेरीस हळूहळू आले.

या कामाला मजुरी नव्हती आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नव्हती. तरीही पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे जेव्हा बंदरे बंद, वाटा बंद आणि हाती पैसा नाही, तेव्हा घर या साठवणीवरच निभावून नेत असे.

हापूस तेव्हा होता, पण त्याच्या सलग बागा नव्हत्या

हापूस हे नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो दि अल्बुकर्क याच्यावरून आले असे मानले जाते, आणि कलमांची विद्या गोव्यातूनच कोकणात पसरली. कलम का करावे लागते, हे एकदा समजून घेतले पाहिजे. आंब्याच्या मोहोरावर दुसऱ्या झाडांचे पराग येतात, त्यामुळे हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते. गोड आईला आंबट लेक होऊ शकते. जसाच्या तसा हापूस हवा असेल, तर हापूसच्या झाडाचीच फांदी दुसऱ्या मुळांवर जगवावी लागते. यालाच कलम म्हणतात.

त्या काळची पद्धत भेटकलमाची होती. रायवळच्या कोयीपासून वर्षभर वाढवलेले, बोरूएवढ्या जाडीचे रोप मातीच्या कुंडीत असे. पावसाळी दिवसांत ही कुंडी हापूसच्या जाणत्या झाडापाशी नेत. फांदी उंचावर असेल तर बांबूचा माच बांधून कुंडी तेथे चढवत. रोपाच्या खोडाची आणि फांदीची समोरासमोरची साल थोड्या लाकडासकट तीन-चार बोटे लांब तासून काढत, दोन्ही जखमा एकमेकींवर बसवत, केळीच्या सोपटाने घट्ट आवळत आणि वरून शेणमातीचा लेप देत. मग अडीच-तीन महिने त्या उंचावरच्या कुंडीला पाणी घालत राहायचे. सांधा जुळला असे वाटले की रोपाचा शेंडा सांध्याच्या वर छाटायचा आणि फांदी सांध्याच्या खाली थोडी थोडी कापत मूळ झाडापासून सोडवायची. घाई केली तर कलम सुकते. जगले तर मुळे रायवळची आणि फळ हापूसचे, आणि तेही पाच-सहा वर्षांत.

एका झाडापाशी अशी किती कलमे एका मोसमात बांधता येतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नव्हे, पण शेकड्यांनीही नाही. म्हणून हापूसचे कलम महाग होते आणि घराजवळ, नजरेसमोर, पाण्याच्या आवाक्यात लावले जाई. डोंगरच्या डोंगर हापूसने भरलेले दिसतात, ते चित्र मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. कोय कलमासारखी सोपी पद्धत तर कितीतरी नंतर रुळली.

मग आंबा विकत नसत, हे खरे आहे का?

रायवळपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु त्याचे कारण केवळ मनाचा मोठेपणा नव्हते. पिकलेला रायवळ दोन दिवसही थांबत नाही, आणि गावात प्रत्येकाच्याच झाडाखाली सडा पडलेला असताना तो विकत घेणार कोण? मुंबईला पाठवायचा तर रेल्वे नव्हती. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, 1863 पर्यंत बोरघाटातून लोहमार्ग वर चढला, पण रत्नागिरीच्या बागायतदाराला आगगाडीसाठी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत थांबावे लागले. त्याचा रस्ता समुद्रातून जाई. शिडाच्या पडावाला मुंबई गाठायला किती दिवस लागतील, हे वाऱ्यावर अवलंबून असे, आणि उन्हाळ्यातला वायव्येचा वारा तर समोरूनच येतो.

म्हणून जो आंबा विकायचा, तो पक्का पण हिरवा असताना झेल्याने उतरवत, म्हणजे लांब बांबूला जाळी लावलेल्या काठीने, आणि गवतात बांधून करंड्यांत भरत. घरासाठी ठेवलेल्या आंब्यांची माळ्यावर पेंढ्यात आढी घालत, ती आठ-दहा दिवसांत पिके. शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्याने आगबोटी फिरू लागल्या, तेव्हा प्रवासाच्या दिवसांचा थोडाफार भरवसा आला. मुंबईत 1869 साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले आणि उंची फळांना एक ठरावीक पेठ मिळाली. हापूस विकण्याजोगा झाला तो असा. मात्र मृग लागला की बंदरे बंद होत, ती नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर उघडत. त्यामुळे उशिरा तयार झालेला आंबा कितीही उत्तम असला तरी घरीच राहत असे, आणि तो वाटला जाई. नारळ-सुपारी मात्र नित्य विकली जात होती. घराची रोकड तेथूनच येत होती.

जमीन कोणाची आणि झाड कोणाचे?

हा भाग किचकट आहे, म्हणून एक रोजचे उदाहरण घेऊ. समजा, एका इमारतीतील सर्व घरांचे वीजबिल एकच माणूस कंपनीत भरतो आणि नंतर प्रत्येक घराकडून ते वसूल करतो. वसुली किती करायची, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो, आणि हा अधिकार त्याच्या मुलाकडे वारशाने जातो. रत्नागिरीच्या बहुसंख्य गावांत जमीनमहसुलाची व्यवस्था अशीच होती. हा माणूस म्हणजे खोत. प्रत्यक्ष जमीन कसणारा तो कूळ. भातजमिनीवर अर्धा आणि वरकसावर तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल आणि तिर्धेल, हे खोताच्या फाळ्याचे सर्रास प्रमाण होते. त्याखेरीज वेठ, म्हणजे बिनमजुरीचे काम. खोताच्या आगराला पाणी घालणारे, नारळ पाडणारे आणि गडगा, म्हणजे दगडी कुंपण, रचणारे हात अनेकदा कुणबी, भंडारी किंवा महार कुळांचे असत. खोत केवळ ब्राह्मणच होते असेही नाही. मराठा आणि मुसलमान खोतही होते. शिवाय ‘धारेकरी’ नावाचा एक वर्ग होता, ज्याचा सारा ठरलेला असे आणि ज्याच्या जमिनीवर खोताची मर्जी चालत नसे.

याचा बागेशी संबंध थेट आहे. आपली जमीन पुढील दहा वर्षे आपल्याकडे राहील, ही खात्री असेल तरच माणूस झाड लावतो. ज्या कुळाला ती खात्री नव्हती, त्याने नाचणी पेरली. ज्याला होती, त्या खोताने किंवा धारेकऱ्याने माड आणि कलमे लावली. म्हणून बागा ठरावीक घरांकडे एकवटल्या, यात मेहनतीच्या कमीजास्तपणाचा प्रश्न नव्हता. कुळाने खोताच्या जमिनीत झाड लावले तर ते कोणाचे, यावरून वाद होत, आणि जमीन एकाची व झाड दुसऱ्याचे अशी स्थिती कोकणात अजूनही आढळते.

1880 साली सरकारने खोतांसाठी स्वतंत्र कायदा करून कुळांचे आणि खोतांचे हक्क काही प्रमाणात लिहून ठेवले. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील आंबडवे, खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ती कायद्याने संपली 1949 साली. बागांच्या आठवणी आपण सांगतो, तेव्हा वेठीवर पाणी घालणाऱ्या माणसाचे घरही त्याच आठवणीत यायला हवे, कारण त्याच्या मुलांनी तो आंबा बहुधा वेचूनच खाल्ला.

एवढी बाग असून माणसे मुंबईला का गेली?

कारण झाडांची संख्या तीच राहिली आणि जेवणारी तोंडे वाढली. शंभर माड आजोबांना पुरत होते, ते चार मुलगे आणि सोळा नातवांना पुरेनासे झाले. नवीन माड लावायला ओलाव्याची सपाट जमीन उरलेली नव्हती. लोकमान्य टिळकांचे घराणे दापोलीजवळच्या चिखलगावचे खोत होते, तरीही त्यांच्या वडिलांनी, गंगाधरपंतांनी, रत्नागिरीत शिक्षकाची नोकरी केली आणि पुढे बढतीवर पुणे गाठले. खोतीच्या घरातील हा प्रकार असेल, तर कुळाच्या घरचे काय सांगावे. 1850 नंतरच्या दशकांत मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत रत्नागिरीची माणसे फार मोठ्या संख्येने गेली. काही पलटणीत आणि पोलिसांत गेली.

1880 साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि बागायतीच्या घराच्या हिशेबात आणखी एक ‘झाड’ आले, जे दरमहा फळत होते. पुरुष मुंबईत आणि लाटेवर सासरा, गडी व दोन सुना, असे चित्र या काळात घरोघर दिसू लागले. पाणी घालणे पुरुषाचे काम ही वाटणी अशा घरांत टिकली नाही, कारण टिकणे शक्यच नव्हते.

एकत्र कुटुंब म्हणजे सुखी कुटुंब का?

एकत्र राहणे ही कामाची गरज होती. त्यातून माया निर्माण होई, तशीच सक्तीही. आठ-दहा वर्षांची मुलगी सून म्हणून घरात येई आणि लगेच पाणी, शेण आणि उखळ तिच्या वाट्याला येई. संमतिवयाच्या कायद्याने 1891 साली वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तर त्यावरही केवढे वादळ उठले. ब्राह्मण घरांतील बालविधवा केशवपन करून, लाल आलवणात, जन्मभर स्वयंपाक आणि साठवणीची कामे करत राहत. कुणब्यांत आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, तेथे ही कोंडी तुलनेने कमी होती.

घराबाहेरचा समाज किती जवळून पाहत असे, याचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे आहे. त्यांचे बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे, म्हणजे माड-पोफळीच्या आगरांच्या गावातले. परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बागायतीच्या गावात बहिष्काराचा अर्थ फार थेट होता. नारळ पाडायला माणूस मिळणार नाही, पाटाच्या पाळीत अडथळा येईल, आढीला हात लावायला शेजारी येणार नाही. एकमेकांवाचून ज्यांचे एक दिवसही भागत नाही, त्यांनी पाठ फिरवली तर काय उरते, हे तेथील प्रत्येक कुटुंब जाणून होते, आणि म्हणून बहुतेकांनी रूढी मोडल्या नाहीत.

झाडाची वाटणी कशी करायची?

आता सातबाऱ्यावरील चाळीस नावांकडे येऊ. भाताचे खाचर बांध घालून दोन करता येते. झाड दोन करता येत नाही. चार भाऊ वेगळे झाले, तेव्हा त्यांनी चुली वेगळ्या केल्या, भांडी वाटून घेतली, भातजमीन तोडून घेतली, पण विहीर, लाट आणि आगर सामाईक ठेवले. प्रत्येकाच्या हिश्श्याला ‘तक्षीम’ म्हणत. काही घरांत वर्षाची पाळी असे, म्हणजे यंदाचा नारळ थोरल्याचा आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्याचा. काही घरांत झाडे मोजून नावे लावून घेत: विहिरीकडचे सात माड तुझे, गडग्याकडचे सात माझे, आणि फणस दोघांचा.

भाऊ शेजारी राहत होते आणि पाणी एकत्र घालत होते, तोवर ही पद्धत उत्तम चालली. हिस्सा आणि श्रम एकाच माणसाकडे होते. मुलगे मुंबईला गेल्यावर हिस्सा कागदावर राहिला आणि पाणी घालण्याचे काम जो गावात उरला त्याच्याकडे आले. पुढच्या पिढीत चाराचे बारा झाले, त्यापुढे बाराचे चाळीस. प्रत्येकाची तक्षीम कायद्याने खरी आहे. पाण्याची पाळी मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर कधी लिहिलीच गेली नव्हती. म्हणून आज मोजणीला आलेल्या माणसाला जागा दाखवता येते, कोणाचा किती आणे हिस्सा तेही सांगता येते. पण विहिरीकडच्या त्या सात माडांना साठ वर्षे कोणी शिंपले, हे त्याला सांगू शकेल अशी म्हातारी आता वाडीत एखादीच उरली आहे.